मुतखडा 5 मिमीचा आणि उन्हाळी तिसऱ्यांदा. हुलग्याचं पाणी पुरेल का?

बीडची_मास्तरीण
वय 38. रोज एसटीनं गेवराईकडच्या एका गावात शाळेवर जाते. सकाळी 9 ला घर सोडते, परत यायला साडेपाच. शाळेत बायकांसाठी संडास आहे, म्हणजे खोली आहे, कुलूप आहे, टाकीत पाणी नाही. म्हणून गेली चार वर्षं मी शाळेत पाणीच पीत नाही. बाटली नेते ती तोंड ओलं करण्यापुरती.

दिवाळीपासून तिसऱ्यांदा उन्हाळी लागलीय. सारखं जावंसं वाटतं, येतात चार थेंब, आणि आग आग. पहिल्या वेळी डॉक्टरांनी 5 दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडल्या. दुसऱ्या वेळी त्यातल्याच उरलेल्या खाल्ल्या. (हो, माहितीये. बोला काय बोलायचं ते.) यावेळी सोनोग्राफी केली तर डाव्या किडनीत 5 मिमीचा खडा निघाला.

सासूबाई रात्री धने-जिरे भिजत घालतात, शेजारच्या काकू पानफुटीची पानं देऊन गेल्या, भाऊ म्हणतो हुलग्याचं पाणी पी. आमच्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरी खपली धरते, तीच आत जाऊन बसली असं घरात सगळ्यांचं मत. टोमॅटो, वांगी, पालक, दूध सगळं बंद केलंय. आता खायचं काय?

आज्जीचा_बटवा
पानफुटीची दोन पानं अनशापोटी, 7 दिवस. वर एखादी बिअर. आमच्या मामांचा 12 मिमीचा विरघळला.

मोसंबीवाला_अंबड
ताई, मामांचं मला माहीत नाही, माझं सांगतो. कापूस वेचणी चालू होती, पाठीत कळ आली ती थेट जांघेत उतरली. बसवंना, उभं राहवंना. बायकोला वाटलं बांधावर काही चावलं. खडा 7 मिमीचा. आई रोज हुलगे शिजवून वरचं पाणी द्यायली, मी प्यायलो. आठ-दहा दिवसांत कळ थांबली. आम्ही समजलो, पडला खडा. परत सोनोग्राफी कोण करतंय?

तो नळीत अडकून बसला होता. मागं किडनी फुगत होती, दुखत मात्र नव्हती. संक्रांतीच्या आसपास एका रात्री दोन गोधड्या घेऊन बी दात वाजायले. तसंच गाडीत घालून संभाजीनगरला नेलं. आधी स्टेंट टाकला, म्हणजे लघवी वाहती राहावी म्हणून आत बारीक नळी, ताप उतरल्यावर मग लेझर. स्टेंट काढायला बोलावलं तेव्हा हरभरा काढणीला आला होता, तरी गेलो. शेजारच्या खाटेवरच्या गड्याचा स्टेंट दोन वर्षं आत राहिला होता, त्याच्यावरच खडा चढलेला.

हुलग्याला मी नावं ठेवत नाही, माडगं आजबी पितो. पण कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नाही, एवढंच.

लॅबवाली_लातूर
मॅडम, मी लघवीच तपासते दिवसभर, म्हणून लिहिते.

तीन वेळा झालंय, आता लघवीचं कल्चर करा, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कोणती गोळी लागू ते कळतं. नवी गोळी सुरू करायच्या आधी. पहिली धार सोडून मधली, आमच्या डबीतच. घरून जॅमची बाटली धुऊन आणू नका. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. बायकांत बहुतेक वेळा ई. कोलाय निघतो. तो आतड्यातला, आपला मूत्रमार्ग आखूड म्हणून लवकर वर चढतो. लघवी तुंबवली की त्याला वाढायला निवांत वेळ मिळतो. अर्धवट गोळ्यांनी तोच जंतू मग औषधाला जुमानत नाही.

पातेल्यावरची खपली मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची. किडनीतले बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, सूक्ष्मदर्शकाखाली बंद पाकिटासारखे दिसतात ते कण. तेव्हा बोअरच्या भीतीनं पाणी कमी पिणं म्हणजे उलटंच. दूध-दही चालू करा, जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरतं. टोमॅटोनं काही बिघडत नाही. पालक कमी बरा. खरं कमी करायचं ते मीठ: लोणचं, पापड, खारे शेंगदाणे. लिंबू पिळून पाणी प्या, त्यातलं सायट्रेट उपयोगी, फक्त त्यात मीठ नको. दिवसाला लघवी अडीच लिटर व्हायला हवी. आपल्या मे महिन्यात त्यासाठी पाणी किती लागेल ते रंगावरून कळतं. पिवळीधमक दिसली की कमी पडलं.

5 मिमीचा खडा पुष्कळदा आपोआप पडतो. धने-जिऱ्याचं पाणीही पाणीच, प्या खुशाल. बिअर कशाला, वर लघवी वाढते पण अंगातलंही पाणी जातं. काही खडे मात्र जंतूंमुळेच होतात, म्हणून दोन्ही रिपोर्ट एकाच डॉक्टरांना दाखवा. थंडी वाजून ताप, उलट्या किंवा लघवी बंद झाली तर अंबडकर दादांसारखं रात्रीची वाट बघू नका.

बीडची_मास्तरीण
कल्चर आलं. ई. कोलायच, आणि मी उरलेली खाल्लेली गोळी त्याला लागू नाही असं छापून आलंय. नवीन 7 दिवसांच्या सुरू आहेत. खड्यासाठी महिन्यानं परत सोनोग्राफी.

संडासच्या टाकीचा अर्ज तिसऱ्यांदा दिला. तोवर शाळेसमोरच्या घरातल्या आजींना भीत भीत विचारलं, मधल्या सुट्टीत तुमच्याकडं येऊ का. म्हणाल्या, "चार वर्सं झाली मास्तरीणबाई, मग इतके दिस काय गं केलंस?" बाटली आता एक लिटरची नेते.