1973 ची कॅम्पर व्हॅन: वायरिंग मुळापासून बदलू की आहे तेच दुरुस्त करू?

मागचं_इंजिन

नमस्कार मंडळी. घरीच एका जुन्या कॅम्परचं काम काढलंय. 1973 ची फोक्सवॅगन टाइप 2, 1600 सीसीचं एअर-कूल्ड इंजिन, आत बर्थ, सिंक आणि एक छोटं कपाट. पत्रा, ब्रेक आणि पेट्रोलचे पाइप उरकलेत. आता वायरिंग.

डॅशबोर्डखाली डोकं घातलं तर मूळ वायरी अजून व्यवस्थित बांधलेल्या दिसतात, पण इतक्या वर्षांत ज्याच्या हाती गाडी गेली त्याने आपापली भर घातलीय. रेडिओची लाइन वायपरच्या वायरीवर निळी क्लिप चावून घेतलीय. मागच्या बर्थजवळच्या दिव्याला घराच्या भिंतीत टाकतात ती एकाच जाड तारेची कडक वायर आहे. ती थेट बॅटरीवरून आलीय आणि तिला फ्यूजच नाही. शिवाय पत्र्याच्या भोकातून जाताना मध्ये रबर नाही. भोकाच्या कडेला घासून इन्सुलेशन गेलंय आणि तांबं चकाकतंय. ती वायर मी लगेच बॅटरीवरून काढली.

लक्षणं अशी: डावा इंडिकेटर लावला की टेललॅम्पही त्याच्याबरोबर मिणमिणतो. हेडलाइट पिवळट. इंजिन गार असताना सेल्फ एका झटक्यात लागतो, पण लांबून येऊन गाडी बंद केली आणि परत किल्ली फिरवली की नुसता ‘टक’. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू.

मल्टिमीटर वापरता येतो, क्रिंपिंगचं चांगलं टूल आहे. तयार हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा, विकत मिळतो आणि घरचे म्हणतात सगळं उपटून तोच टाक. मला ते पटत नाहीये. माझं बरोबर आहे का? शिवाय आत छोटा फ्रिज, चार एलईडी दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल चार्जिंग हवंय. सुरुवात कुठून करू?

तांबं_पितळ

ताई, तुमचं बरोबर आहे. मी जुन्या गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. सगळं उपटून नवा हार्नेस टाकलेल्या कितीतरी गाड्या तीच लक्षणं घेऊन माझ्याकडे येतात, कारण नवा हार्नेससुद्धा जुन्याच गंजलेल्या पत्र्यावर अर्थ केलेला असतो.

म्हणून आधी अर्थ, म्हणजे बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची जोडणी. इंडिकेटरबरोबर टेललॅम्प मिणमिणतो म्हणजे त्या दिव्याच्या घराला बॉडीपर्यंत परतीची वाट नीट मिळत नाहीये, म्हणून करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतोय. तिथला स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) नवीन लावा आणि घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा. रंगावर आवळलेला अर्थ हा अर्थ नव्हे. नवीन रंगकाम झालेल्या गाडीत हे हटकून होतं आणि तुमचा पत्रा नुकताच झालाय, तेव्हा एकेक अर्थ पॉइंट तपासा.

तपासताना ओहममध्ये मोजू नका. एक बारीक तार शिल्लक राहिली तरी मीटर शून्याच्या जवळच दाखवतो. दिवा चालू ठेवून मीटर व्होल्टवर लावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या पितळी घराला. 0.2 व्होल्टच्या वर काही दिसलं तर ते त्या अर्थमध्ये वाया जातंय.

याच वेळी गाडीखाली शिरून गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी विणलेली तांब्याची पट्टी बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स रबर माउंटवर असतात, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट परत यायला ही एकच सरळ वाट आहे. ती तुटली की तो करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जायला बघतो. केबल तापून तिच्या नळीत चिकटलेली मी पाहिलीय. पट्टीचे धागे हिरवे पडले असतील तर विचार न करता बदला.

आता गरम इंजिनाचा ‘टक’. तुमच्या गाडीत बॅटरी मागे, इंजिनशेजारी उजव्या बाजूला. स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, तीही मागेच. पण सोलेनॉइडला (स्टार्टरवरच्या विद्युतचुंबकी स्विचला) हुकूम देणारा करंट बॅटरीपासून पुढे इग्निशन स्विचपर्यंत जातो आणि परत सगळी गाडी ओलांडून मागे येतो. 8 मीटर वायर धरा, 2.5 चौरस मिलिमीटरची. तांब्याच्या हिशोबाने तिचा रेझिस्टन्स होतो 0.056 ओहम. सोलेनॉइडने ओढताना 30 अँपिअर घेतले तर नुसत्या वायरीतच 1.7 व्होल्ट गेले. त्यात स्विचचे झिजलेले पॉइंट आणि वाटेतले कनेक्टर. गार असताना कसंबसं भागतं, पण तापल्यावर सोलेनॉइडच्या गुंडाळीचा रेझिस्टन्स वाढतो आणि तो पूर्ण ओढू शकत नाही. लोक यासाठी स्टार्टर बदलतात, आणि तो बिचारा चांगला असतो.

उपाय म्हणजे स्टार्टरजवळ एक रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. स्टार्टरवर येणारी लाल-काळी वायर काढून ती रिलेच्या 86 नंबरच्या टर्मिनलला द्या, 85 ला अर्थ, बॅटरीकडून फ्यूजमधून 4 चौरस मिलिमीटरची नवीन वायर 30 ला आणि 87 वरून स्टार्टरच्या 50 ला. रिले पाणी न शिरणारा घ्या आणि तोंड खाली करून बसवा. उद्या कुणाला गाडी पुन्हा मूळ अवस्थेत न्यायची असेल तर दहा मिनिटांत निघतो.

हेडलाइटचंही दुखणं हेच. पुढे रिले लावा, बॅटरीपासून 6 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणा आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या हातभर अंतरात ठेवा. जुना स्विच मग फक्त रिले चालवेल. फिलामेंटच्या बल्बला एक व्होल्ट कमी मिळाला तर जवळजवळ चौथाई उजेड जातो. महागडे बल्ब घेण्याआधी होल्डरवर किती व्होल्ट पोचतात ते मोजा.

राहिला हार्नेस. वायरीचं टोक थोडं सोला. आत तांबं लालसर आणि इन्सुलेशन वाकवल्यावर भेगाळत नसेल तर ती वायर अजून काम देईल. तांबं काळं पडलं असेल तर कापत कापत मागे जा, आणि कुठेच लाल सापडलं नाही तर ती अख्खी बदला. डॅशबोर्डखालचा मूळ जुडगा बहुतेक वेळा वाचतो. जिथे क्लिप चावली होती तो तुकडा मात्र कापून टाका. त्या क्लिपचं पातं निम्म्या तारा तोडतं आणि त्या जखमेतून ओल आत शिरते.

एकही वायर काढण्याआधी तिच्यावर चिठ्ठी लावा आणि चिठ्ठीवर टर्मिनलचा नंबर लिहा, रंग नव्हे. हे नंबर डीआयएन 72552 या जर्मन मानकाचे आहेत: 30 म्हणजे बॅटरीवरून कायम चालू, 15 म्हणजे किल्ली फिरवल्यावर, 31 अर्थ, 50 स्टार्टर, 58 टेललॅम्प, 56ए अप्पर, 56बी डिपर, 49ए इंडिकेटर. रंगांनाही शिस्त आहे, तपकिरी अर्थ, लाल कायम चालू, काळी किल्लीवरची. पण जुन्या राखाडी आणि मळलेल्या पांढऱ्या वायरीत टॉर्चच्या उजेडात फरक कळत नाही. नंबर स्विचवर आणि रिलेवर कोरलेले असतात. ते वाचता यायला लागले की सर्किट डायग्राम आपोआप वाचता येतो.

गाडी_एके_गाडी

वरच्या सगळ्याशी सहमत, पण इंजिनाच्या खोलीतल्या वायरींबाबत मी कडक आहे. तिथली एकही जुनी वायर ठेवू नका, सोलून तांबं कितीही चांगलं दिसलं तरी. उष्णता, तेल आणि वर पेट्रोलचा पाइप. या गाड्या जळतात त्या बहुतेक तिथूनच. नवीन वायर पेट्रोलच्या पाइपला बांधून नेऊ नका, दोघांत अंतर ठेवा आणि प्रत्येक भोकात रबर बुश घाला.

फ्यूजबॉक्सकडेही बघा. तुमच्यात दोन्हीकडे निमुळते होणारे फ्यूज असतील, पांढरा 8 अँपिअरचा, लाल 16 चा. चिनी मातीचे घ्या, प्लास्टिकचे नको. स्प्रिंगची पकड सैल झाली की तिथे गरम होतं, प्लास्टिक मऊ पडतं आणि पकड आणखी सैल होते. फ्यूज शाबूत आणि दिवा बंद, असं झालं की आधी फ्यूज जागेवर बोटाने फिरवून बघा.

तांबं_पितळ

इंजिनच्या खोलीबद्दल तुमचं म्हणणं मान्य, तिथे नवीनच टाकावं. ताई, फक्त तिथे डाग देऊन जोडू नका. डाग दिलेली तार जिथे कडक संपते आणि मऊ सुरू होते, बरोबर तिथेच थरथरीने तुटते. चांगलं क्रिंप करा आणि वरून आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. क्रिंप झाल्यावर वायर जोरात ओढून बघा. सुटायची असेल तर आत्ताच हातात सुटू दे.

मागचं_इंजिन

फार आभार दोघांचे. लगेच मोजलं. हेडलाइट चालू असताना बॅटरीवर 12.5, डाव्या बल्बच्या होल्डरवर फक्त 10.6. गेलेल्या 1.9 पैकी 0.8 नुसत्या अर्थमध्ये! अर्थचा स्क्रू काढला तर खाली नव्या रंगाचा सलग थर. घासून परत लावल्यावर तिथे 0.1 उरलाय आणि उजेडातला फरक डोळ्यांना दिसतोय. मागच्या दिव्याचंही मिणमिणणं थांबलं. गिअरबॉक्सची पट्टी एका टोकाला पाच-सहा धाग्यांवर लटकत होती, नवीन मागवलीय. रिलेचं काम त्यानंतर.

आता आतल्या बाजूचं सांगा ना. फ्रिज कंप्रेसरवाला आहे, 12 व्होल्टचा. त्याची लाइन फ्यूजबॉक्समधल्या एखाद्या मोकळ्या जागेतून घेतली तर चालेल का?

संध्याकाळचा_दिवा

नाही, तिथून काहीच घेऊ नका. गाडीचं वायरिंग आणि घराचं वायरिंग या दोन वेगळ्या गोष्टी राहू द्या. आतल्यासाठी दुसरी बॅटरी, तिचा स्वतःचा फ्यूजबॉक्स आणि परतीसाठी स्वतःची पितळी पट्टी. आतले दिवे बॉडीवर अर्थ करू नका, प्रत्येकाला दोन वायरी पट्टीपर्यंत आणा. मग कधी बिघडलं तर शोधायला कपाटाचं एक दार उघडायचं, बस्स.

हिशोब असा मांडा. कंप्रेसर चालू असताना साधारण 4 अँपिअर घेतो आणि दिवसाच्या 40 टक्के वेळ चालतो असं धरलं तर 24 तासांत सुमारे 38 अँपिअर-तास. 5 वॉटचे चार दिवे चार तास म्हणजे 7 च्या आत. पंप आणि मोबाइल मिळून आणखी 5 धरा. एकूण 50. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं तर लवकर मरते, म्हणजे एका दिवसाच्या मुक्कामाला 100 अँपिअर-तासाची हवी. दोन दिवस उभं राहायचं असेल तर छतावर सोलर बघा. ऊन वाढलं की फ्रिज जास्त चालतो आणि पॅनलही तेव्हाच जास्त देतं, त्यामुळे ते छान जमतं.

दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये व्होल्टेज बघून जुळणारा रिले लावा, साधारण 13.3 व्होल्टला जुळणारा आणि 12.8 ला सुटणारा. म्हणजे फ्रिजने रात्री कितीही खाल्लं तरी सकाळी सेल्फची बॅटरी भरलेली. दोघींना जोडणाऱ्या जाड वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण शॉर्ट झाला तर करंट दोन्हीकडून धावतो. लिथियम बॅटरी घेणार असाल तर असा रिले चालणार नाही, ती झेपेल तितका करंट ओढते आणि तुमचा जुना डायनॅमो किंवा अल्टरनेटर जाळते. तिला डीसी-डीसी चार्जर, म्हणजे करंट मर्यादेत ठेवून भरणारा चार्जर, लागतो. तुमच्याकडे अजून डायनॅमोच असेल तर हेही लक्षात घ्या की आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवल्याने दुसरी बॅटरी भरणार नाही.

फ्यूज वायरीच्या जाडीवरून ठरवा, वस्तूवरून नाही. जी वायर 15 अँपिअर सहन करते तिला 20 चा फ्यूज म्हणजे वायरच फ्यूज झाली. फ्रिजला 4 चौरस मिलिमीटरची वायर द्या, जरी करंट कमी असला तरी. व्होल्टेज थोडं पडलं की कंप्रेसर स्वतःहून बंद होतो आणि लोक फ्रिजला दोष देतात.

आत गॅसची शेगडी असेल तर रिले आणि स्विच फ्लोअरजवळ नकोत. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो आणि रिलेत ठिणगी पडतेच. उलट लेड-ॲसिड बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हलका, वर जातो, म्हणून बॅटरीच्या खोक्याला वरच्या बाजूने गाडीबाहेर जाणारी नळी हवी.

230 व्होल्टची बाहेरून जोडणी घेणार असाल तर ते काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या: 30 मिलिअँपिअरचा आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), गाडीच्या बॉडीला अर्थ, आणि 12 व्होल्टच्या वायरींपासून वेगळी नळी.

मागचं_इंजिन

डायनॅमोच आहे. म्हणजे साधी बॅटरी, रिले आणि सोलर. शेगडी आहे, त्यामुळे रिलेची जागा बदलते, मी नेमका तो शेगडीखालच्या कप्प्यात आखला होता.

शेवटचं: सगळं जोडून झाल्यावर पहिल्यांदा बॅटरी लावताना काय काळजी घेऊ? त्या क्षणाची मला खरंच धास्ती आहे.

तांबं_पितळ

सगळे फ्यूज काढून ठेवा, दारं लावा, आतला दिवा बंद. बॅटरीच्या निगेटिव्हची केबल लावू नका. ती केबल आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्या मध्ये 12 व्होल्टचा 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणारच नाही, त्यामुळे वायर जळणार नाही. बल्ब विझलेला राहिला तर एकेक फ्यूज घाला आणि प्रत्येक वेळी बल्बकडे बघा. ज्या फ्यूजला तो भक्क पेटेल तेवढंच सर्किट तपासायचं. घड्याळ किंवा रेडिओची मेमरी असेल तर तार जेमतेम लालसर होईल किंवा काही दिसणारही नाही, तेवढं चालतं. सगळे फ्यूज बसले आणि बल्ब शांत राहिला की तो काढा आणि केबल लावा. सेल्फ मात्र बल्ब मध्ये असताना मारू नका, तेवढा करंट त्यातून जाणार नाही.