अनुभव धागा: मणक्यातली चरबीची गाठ

कातडीखालची चरबीची गाठ बहुतेकदा राहू देता येते. तीच मणक्याच्या पोकळीत वाढली, तर मज्जारज्जूला सरकायला जागा नसते. रुग्ण कमी, त्यामुळे गावाकडे विचारायचं कोणाला? ज्यांच्या घरी झालंय त्यांनी लिहा.

दारव्हा: आईच्या पायातून निंदताना चप्पल निसटायची, तिला पत्ताच नसायचा. छातीखाली पट्टा आवळल्यासारखं वाटे. सगळे म्हणत, कंबर गेली. कमरेच्या एमआरआयमध्ये वयाप्रमाणे झीज, बाकी काही नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय ताडकन उडाला. तळव्यावरून किल्ली ओढली तर अंगठा वर गेला. म्हणाले, दाब कमरेत नाही, वर आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, खालचे फोटो काढून काय दिसणार! छातीच्या मणक्यांच्या एमआरआयमध्ये गाठ सापडली. फोटोतली चरबीची चमक दाबून, शिरेतून डाय (औषध) देऊन काढलेल्या फोटोत ती चमकली, म्हणजे आत रक्तवाहिन्या. नाव अँजिओलायपोमा, कॅन्सर नाही. नागपूरला मणक्याची मागची कमान काढून गाठ काढली. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव आधीच जुळवून ठेवा, आमचा जीव तिथंच गेला.

हिंगणघाट: बाबांची वेगळी गाठ नव्हती, मज्जारज्जूभोवती चरबीच साचलेली. गुडघ्यासाठी कुठल्यातरी पुड्या वर्षानुवर्षं घेत. चेहरा फुगलेला, लोक म्हणत तब्येत सुधारली! त्या पुड्यांत स्टिरॉइड होतं, त्यानंच चरबी साचलेली. ऑपरेशन टळलं. डोस हळूहळू उतरवला, वजन कमी केलं. एकदम बंद करू नका बरं, शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती मंदावलेली असते, माणूस कोसळतो.

चामोर्शी: लेकीच्या कमरेखाली जन्मापासून मऊ फुगवटा, वर केसांचा झुबका. आजी म्हणे देवाची खूण. पुढे पाऊल वाकडं पडू लागलं, झालेली लघवी कळेना. चरबी मज्जारज्जूच्या टोकात शिरून त्याला खाली धरून ठेवते. सर्जननं सगळी काढली नाही, नसा त्यातूनच जातात. रज्जू मोकळा केला. वाढत्या वयात पुन्हा ओढ बसू शकते, म्हणून तपासणी चालूच आहे.

आर्णी: दारव्ह्याचे दादा, माय चालते का आता?

दारव्हा: चालते ताई, काठीनं. डाव्या तळव्याला चटका समजत नाही, म्हणून चुलीपाशी बसू देत नाही. यावरून रोज भांडण.