सेलवरची मोटर फिरत नाहीये, आणि मुलांसोबत घरी करण्यासारखी अजून खेळणी सुचवा

मीनल_नाशिक
नमस्कार मंडळी. दिवाळीची सुट्टी लागलीये, मुलगा पाचवीत आहे आणि मुलगी पहिलीत, यंदा ठरवलंय की दोघांना घेऊन घरातल्या वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करायची. सुरुवात त्या प्रसिद्ध मोटरपासून केली, म्हणजे एक मोठा सेल, त्याच्या दोन्ही टोकांना रबर बँडने बसवलेल्या सेफ्टी पिना, सेलला चिकटवलेलं चकतीचं लोहचुंबक आणि पिनांच्या भोकात तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत घासलीयेत. तरी वेटोळं नुसतं डोलतं, अर्धा फेरा मारून मागे येतं आणि थांबतं. सेल नवीन आहे. काय चुकत असेल? आणि धाकटीच्या हाताला जमतील अशी काही खेळणी सांगा ना, दादा करतो आणि ती नुसती बघत बसते ते मला आवडत नाहीये.

वाइंडिंगवाला
ताई, दोन्ही टोकं पूर्ण घासलीत तिथेच अडलंय. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा, म्हणजे करंट अडवणारा, पातळ थर असतो, तो एका टोकाचा पूर्ण काढायचा पण दुसऱ्या टोकाचा फक्त अर्ध्या बाजूचा. कारण बघा, चुंबक वेटोळ्याला अर्धा फेरा पुढे ढकलतं, पण करंट तसाच चालू राहिला तर उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात तेच चुंबक उलटं ढकलायला लागतं, म्हणून ते डोलतं आणि थांबतं. अर्धी बाजू इनॅमलची ठेवली की त्या वेळात करंट बंद राहतो, वेटोळं आपल्या वेगानेच पुढे निघून जातं आणि फिरून आलं की परत धक्का मिळतो. झोपाळ्याला कसं आपण योग्य वेळीच ढकलतो आणि मग सोडून देतो, तसंच.

आता घासायचं कसं ते नीट वाचा, हे फार कमी लोक सांगतात. वेटोळं टेबलावर आडवं ठेवून वरची बाजू घासली तरी मोटर फिरणार नाही. वेटोळं उभं धरायचं, म्हणजे त्याचं तोंड आपल्याकडे किंवा भिंतीकडे असेल असं, आणि मग त्या टोकाची फक्त वरची बाजू खरवडायची. चुंबक खाली सपाट असताना सगळ्यात जास्त जोर वेटोळं उभं असतानाच मिळतो, म्हणून करंट त्याच्या आजूबाजूला चालू पाहिजे.

तार २२ ते २४ गेज घ्या, मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात वजनावर मिळते, दीड मीटर पुरते. सेलभोवतीच गुंडाळून ८-१० वेढे घ्या आणि दोन्ही टोकं अगदी समोरासमोर एका रेषेत काढा, वेटोळं एकीकडे जड झालं तर अडखळतं. एक काळजी, वेटोळ्याचा रेझिस्टन्स जवळपास नाहीच, त्यामुळे ते अडकून थांबलं तर सेल आणि तार पटकन तापतात. खेळून झालं की वेटोळं काढून ठेवायचं. आणि तुमच्या घासलेल्या टोकाला परत इनॅमल लावायची गरज नाही, एका टोकाच्या अर्ध्या बाजूला पर्मनंट मार्कर फिरवा, वाळू द्या, चालून जातं.

सचिन_ठाणे
एवढा खटाटोप कशाला, ऑनलाइन रेडिमेड किट मिळतात, सगळे पार्ट मोजून दिलेले असतात, मुलं पटकन करतात.

गुरुजी_सातारा
सचिनभाऊ, किट वाईट नाही पण त्यात मोटर फिरणारच असते, त्यामुळे पोराला ती का फिरते हा प्रश्नच पडत नाही. मीनलताईंच्या मुलाला आज तो पडलाय, हीच खरी कमाई आहे. फक्त ताई, वरचं उत्तर त्याला लगेच सांगू नका. आधी बोटाने वेटोळं हळूहळू फिरवून कुठे जोर लागतो आणि कुठे उलटा लागतो ते त्यालाच शोधू द्या.

धाकटीसाठी टोमॅटो केचपची पाणबुडी करा. हॉटेलात मिळतात त्या केचपच्या छोट्या पुड्या दोनचार आणायच्या, ग्लासभर पाण्यात टाकून बघायच्या, जी जेमतेम तरंगते ती निवडायची. लिटरची पारदर्शक बाटली काठोकाठ भरून पुडी आत घालायची, झाकण घट्ट लावायचं. बाटली दाबली की पुडी खाली, सोडली की वर. पुडीत हवेचा छोटा बुडबुडा असतो, पाणी दाबलं तर आकसत नाही पण हवा आकसते, पुडी आतून बारीक झाली की तेवढं कमी पाणी बाजूला सारते आणि बुडते. सगळ्याच पुड्या बुडाल्या तर पाण्यात मीठ वाढवत जा, एकेक चमचा घालायला तिलाच सांगा. माझ्या वर्गात याच्याइतकं दुसरं काही चालत नाही, पोरं बाटली खाली ठेवायलाच तयार नसतात.

स्ट्रॉची पिपाणीपण सोपी. एक टोक दातांनी चपटं करायचं, कात्रीने दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार करायचं, ओठात धरून जोरात फुंकायचं. वाजत असताना दुसऱ्याने कात्रीने पुढून थोडं थोडं कापत जायचं, आवाज चढत जातो. आतला हवेचा खांब आखूड झाला की सूर वर जातो हे कानालाच कळतं. पण २०२२ च्या जुलैपासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आलीये आणि कागदाच्या स्ट्रॉचं टोक थुंकीने लगेच मऊ पडतं, त्यामुळे घरात जुनी असेल तरच.

कोकणातली_माई
गुरुजी, पपईच्या पानाचा देठ घ्या की. तो आतून पोकळच असतो. पानाकडचं बंद टोक तसंच ठेवून त्याच्या जरा खाली देठाला उभी चीर द्यायची, ती चीर पूर्ण तोंडात जाईल असं धरून फुंकायचं. लांब देठ जाड आवाज देतो, आखूड बारीक. आधी चीक धुवून टाका, चीर मोठ्यांनीच द्यावी. पावसाळ्यात तर आमच्याकडे आंब्याची रुजलेली कोय काढून तिचं बी दगडावर घासून पुंगी करायचे, दोन दळांच्या फटीतून फुंकलं की वाजते. हल्ली कोणी करताना दिसत नाही त्याचं फार वाईट वाटतं, ही खेळणी पोरांपर्यंत पोचायला हवीत.

पुणेरी_आजोबा
मीनल, जमलं तर मुलांना घेऊन पुण्याला ये. विद्यापीठाच्या आवारात आयुकाची (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, इमारतीचं नाव पुलस्त्य, सुनीताबाई देशपांड्यांनी पुलंच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. अरविंद गुप्तांनी तिथे बरीच वर्षं हेच काम केलं. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, टेल्कोत नोकरी, तिथून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामाकडे वळला आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून मुलांना भूमिती दाखवायला लागला. २०१८ ला पद्मश्री मिळाली. त्या व्हॉल्व्ह ट्यूबचं तुम्हीही करून बघा, काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही, मग पुलाला आणि टॉवरला त्रिकोण का असतात ते वेगळं सांगावं लागत नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आयुका सगळ्यांसाठी खुलं असतं, फक्त गर्दी असते, सकाळी लवकर जा.

मीनल_नाशिक
फिरली!!! मार्करची युक्ती केली, वेटोळं उभं धरून, आणि अशी सुसाट फिरली की दोघं ओरडायला लागली. वाइंडिंगवाले दादा, मनापासून आभार. गुरुजी, पाणबुडीपण झाली, धाकटी आता तिला कोणालाच हात लावू देत नाहीये. आता नवीन शंका. चपलेच्या रबरात चकतीची चार चुंबकं खोचून त्यावर दोन चुंबकं घातलेली पेन्सिल तरंगवतात ना, त्यात पेन्सिलीचं टोक उभ्या सीडीला टेकवलेलं असतं. मुलगा म्हणतो सीडी कशाला, पूर्ण हवेतच तरंगू दे. सीडी काढली की पेन्सिल उडून पडते. अजून चुंबकं लावून जमेल का?

वाइंडिंगवाला
नाही जमणार, आणि त्याने हे विचारलं म्हणून त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. सॅम्युअल अर्नशॉ नावाच्या माणसाने १८४२ साली गणिताने सिद्ध केलंय की नुसत्या स्थिर चुंबकांनी दुसरं चुंबक हवेत स्थिर ठेवता येत नाही, एका बाजूला तरी ते सटकणारच. म्हणून सीडी. पेन्सिलवरची चुंबकं खालच्या चुंबकांच्या किंचित पुढे, सीडीच्या बाजूला, सरकवा म्हणजे पेन्सिल सीडीकडेच रेटली जाईल. पेन्सिल फिरत ठेवली तर बराच वेळ फिरते, कारण टेकलंय ते फक्त टोक.

चुंबकं काळी, स्पीकरमध्ये असतात तसली मोठी फेराइटचीच वापरा. ती चकचकीत छोटी निओडिमियमची आणि घड्याळातले बटण सेल पहिलीतल्या मुलीच्या हाताशी अजिबात नकोत, दोन चुंबकं गिळली तर आतड्याला चिमटा बसतो आणि बटण सेल अन्ननलिका जाळतो. तसं काही झालं तर घरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि ताई, त्या मोटरचं चुंबक आता उलटं करून लावा, दिशा बदलते का ते धाकटीला बघायला सांगा.