प्रति: डोंगर नाही, मग भटकायचं कुठे?
वर एकांनी विचारलंय, सोलापुरात डोंगर नाही, मग भटकायचं कुठे? अहो, आपल्याकडे माळ आहे की! बार्शी रस्त्याने साधारण २० किलोमीटरवर नान्नज. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालेला हा भाग. आता माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका, पण सकाळच्या तिरप्या उन्हात गवतातून उधळणारा काळविटांचा कळप पाहिला की पहाटे उठल्याचं सार्थक होतं. लांडगा दिसला तर नशीबच. कुसळं मोज्यांत घुसतात, जाड पँट घाला. (मी एकदा चपलेवर गेलो होतो. असो.)

थंडीत हिप्परगा तलावावर पक्षी बघायला दुर्बीण घेऊन जा. रोजच्या फेरीला विजापूर रस्त्यावरचा सिद्धेश्वर वनविहार बरा. उन्हाळ्यात मात्र आठच्या आत घरी!