यादीत नाव नसलं तरी

गुडघ्याच्या दुखापतीने खेळ सुटला, मग आता मी कोण, हा तुमचा प्रश्न मनाला भिडला. संघाची यादी लागली की बोट वरून खाली सरकवत आपण नाव शोधतो. दिसलं तर आपण कुणीतरी, नाही तर कुणीच नाही. वर्षानुवर्षं हेच अंगवळणी पडतं.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात येशूच्या बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्याने होणाऱ्या दीक्षेच्या वेळी ‘तू माझा प्रिय पुत्र’ ही देवाची वाणी आकाशातून होते, तेव्हा येशूने अजून एकही चमत्कार केलेला नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही. आधी नातं, मग काम. मैदानावर नेमकं उलटं शिकवतात, म्हणून खेळाडूला हे पचायला वेळ लागतो.

खेळातली शिस्त मात्र टाकू नका. ख्रिस्तात असेल तो ‘नवी उत्पत्ती’ असं प्रेषित पौल ग्रीसमधल्या ज्या करिंथकरांना पत्रात लिहितो, त्यांच्या शहराजवळच इस्थमियन या प्राचीन क्रीडास्पर्धा भरत. विजेत्याला मिळे तो पानांचा मुकुट, सुकून जाणारा. तरी पौल त्यांना धावायलाच सांगतो, तेही संयमाने.

स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारच्या फेरीमुळे १०० मीटर धावला नाही, ४०० मीटरचं सुवर्ण मात्र ४७.६ सेकंदांत जिंकला. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला. तिथल्या जपानी नजरकैदेच्या छावणीत तो मुलांचे खेळ घ्यायचा, त्यांना शिकवायचा. पदकाविनाही तो पूर्ण होता, असं मला मनापासून वाटतं. गुडघा बरा होईपर्यंत तुम्हीही लहान मुलांना शिकवायला घ्या.