मदत हवी आहे: प्रोजेक्टरचा रिमोट पडद्याच्या बाजूने चालत नाही, शिवाय कीस्टोनचा घोळ

मंडळी, प्रोजेक्टरबद्दल जरा मार्गदर्शन हवं आहे. छताला उलटा टांगलाय, एचडीएमआयने लॅपटॉपला जोडलाय. मेनूत ‘सीलिंग’ निवडल्यावर चित्र सुलटही झालं.

अडचण रिमोटची आहे. प्रोजेक्टरच्या मागे उभं राहून बटण दाबलं की लगेच ऐकतो. पडद्याजवळून मात्र ढिम्म. सेल नवे आहेत. मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकाशी धरून पाहिला, बटण दाबताच जांभळट ठिपका लुकलुकतो, म्हणजे इन्फ्रारेड किरण निघतायत. मग पुढचा सेन्सरच बंद आहे का? काही मॉडेलमध्ये पुढचा आणि मागचा सेन्सर मेनूतून वेगवेगळा चालू-बंद करता येतो, ती सेटिंग साधारण कुठे असते? ट्यूबलाइटचा थेट उजेड पुढच्या सेन्सरवर पडतो, त्यानेही असं होऊ शकतं ना?

दुसरं, कीस्टोन, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र मेनूतून चौकोनी करायची सोय. प्रोजेक्टर पडद्याच्या मधोमध नाही, त्यामुळे चित्राची डावी कड उजवीपेक्षा उंच दिसते. कीस्टोनने चौकट सरळ होते, पण बारीक अक्षरं, विशेषतः एक्सेलमधले आकडे, फिसकटतात. साहजिक आहे, 1920 × 1080 चं चित्र कमी पिक्सेलमध्ये कोंबलं जातं. म्हणून कीस्टोन शून्यावर ठेवून स्टँडच सरकवावा असं माझं मत आहे. लेन्स शिफ्टची, म्हणजे प्रोजेक्टर न हलवता फक्त लेन्स सरकवून चित्र हलवायची, सोय यात नाही. छतात पुन्हा भोकं न पाडता कुणी हे जमवलंय का? मागच्या रांगेतल्या मुलांना आकडे स्वच्छ दिसायला हवेत, त्यासाठी ही धडपड. मेनूचे फोटो लागले तर लगेच टाकतो.