मुलीच्या डीएनए टेस्टमध्ये मॉरिशसचा माणूस निघालाय, आणि 'मोरस' नावाचं गाव नक्की कुठे आहे?

डोंबिवलीकर६७

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, मी जन्मापासून डोंबिवलीत. मुलगी टोरांटोला असते, तिला जावयांनी वाढदिवसाला डीएनए किट दिलं. नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं, दीड महिन्याने रिपोर्ट. मला वाटलं त्यात आपलं मूळ कुठलं, कोण कुठून आलं वगैरे येईल. आलं काय तर 'साउथ एशियन ९९ टक्के'. हे तर मी फुकटात सांगितलं असतं. उरलेला १ टक्का कसलातरी मध्य आशियातला, त्यावरून आमच्या चुलत भावाने फॅमिली ग्रुपवर लगेच सांगून टाकलं की आपण मुळात तिकडून घोड्यावर आलो.

खाली नातेवाइकांची यादी येते त्यात बहुतेक अमेरिका-लंडनचे मराठी गुजराती लोक, अगदी लांबचे. पण वरून तिसरा एक मॉरिशसचा आहे, आडनाव भिकाजी. ३१ सेंटिमॉर्गन असं काहीतरी लिहिलंय. आमच्या घरातलं कोणी कधी मॉरिशसला गेलेलं नाही, हनिमूनलासुद्धा नाही, त्यामुळे मशीनची चूक असेल म्हणून सोडून दिलं.

आता खरा प्रश्न. माझी आजी म्हणायची, "मामंजींचे चुलते मोरसला गेले ते काय परत आले नाहीत." म्हणजे माझ्या खापरपणजोबांचा भाऊ. हे मोरस गाव मी संगमेश्वर, लांजा, राजापूर सगळीकडे शोधलं, गुगल मॅपवर पण नाही. कोणाला माहितीये का? तिकडे आमची भावकी असेल तर एकदा जाऊन यावं असं मनात आहे.

खाडीपल्याड

अहो दादा, तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात पडलंय आणि तुम्ही ते मशीनची चूक म्हणून सोडून दिलंत 😄

मोरस म्हणजे मॉरिशस! घरात कोणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर विचारा, 'मोरस साखर' म्हणजे काय. गुळाच्या घरात पाहुणे आले की काढायची ती पांढरी साखर, मॉरिशसहून यायची म्हणून मोरस. तीच साखर करायला आपली माणसं तिकडे नेली होती.

थोडक्यात सांगतो. ब्रिटिशांनी गुलामी बंद केली, मग उसाच्या मळ्यांवर माणूस मिळेना, म्हणून १८३४ पासून करारावर हिंदुस्थानातून मजूर न्यायला लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक कलकत्त्याहून, मग मद्रास, आणि मुंबई बंदरातून त्यामानाने थोडी. मुंबईहून गेलेले मुख्यतः १८४० ते १८६० च्या दशकांतले आणि त्यात रत्नागिरी जिल्हा भरपूर. पोर्ट लुईसला ज्या धक्क्यावर उतरवायचे तो आप्रवासी घाट, पूर्वी त्याला कुली घाटच म्हणायचे, २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

मी २०१९ ला गेलो होतो, गणपतीत. तिकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कास्कावेल म्हणून मराठी लोकांचं गाव आहे, तिथे एका घरी आरतीनंतर 'झाकरी' सुरू झाली. कमरेत वाकून, पाय आपटत, गोल फिरत, मध्ये ढोलकी. मी बघतच राहिलो, अहो ही आपली जाखडी! बाल्या नाच! गाणारे आपसात बोलत होते क्रिओल (तिकडची बोली), आणि गाण्यात गवळण. घाटावरून गेलेल्या माणसाने जाखडी नेली नसती, ही कोकणातूनच गेली.

तर त्या भिकाजींना मेसेज करा आधी.

सेंटीवाला

वरची माहिती भारी. पण ३१ सेंटिमॉर्गनवर लगेच पेढे वाटू नका, थोडं समजून घ्या. सेंटिमॉर्गन म्हणजे दोघांत किती डीएनए जुळतो त्याचं माप.

तुम्ही म्हणता तसं खापरपणजोबा आणि त्यांचा पूर्वज सख्खे भाऊ असतील, आणि तो माणूस तुमच्याच पिढीचा असेल, तर तुमच्या दोघांत, काही जुळलंच तर, सरासरी ३५ सेंटिमॉर्गन यायला पाहिजे. मुलगी एक पिढी खाली म्हणून थोडं कमी. म्हणजे आकडा बसतो. पण सरासरी म्हणजे सरासरी, या अंतरावरच्या खऱ्या नातेवाइकांत जवळपास निम्म्या जोड्यांत काहीच जुळत नाही, आणि काहींत शंभर पण येतं.

दुसरी गोष्ट, हे हिशेब मुख्यतः गोऱ्या लोकांच्या घराण्यांवर बसवलेत. आपल्याकडे शेकडो वर्षं जातीतच लग्नं, त्यात पाच-सात गावांच्या टापूतच सोयरीक, वर मामाची मुलगी हक्काची. एकाच जोडप्याकडून दोन-तीन वाटांनी डीएनए खाली येतो, मग नातं असतं त्यापेक्षा जवळचं दिसतं. म्हणून एकूण आकडा सोडा, जुळणारा सगळ्यात लांब तुकडा केवढा आहे ते बघा. ३१ मधला एकच तुकडा २०-२२ चा असेल तर दम आहे. चार-पाच बारके बारके तुकडे मिळून ३१ होत असतील तर तो नुसता टापूचा वास आहे, घराचा नाही.

तिसरं म्हणजे ही मॅच तुमच्या बाजूची की मिसेसच्या?

आणि त्या १ टक्क्याचं चुलत भावाला सांगा की तो हिशेबातला कचरा असतो, कंपनीने यादी अपडेट केली की पुढच्या वर्षी गायब होईल. घोडा परत करा म्हणावं. तसंही २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात निघालं की भारतातल्या जवळपास सगळ्या समाजांत दोन मोठ्या जुन्या गटांची सरमिसळ साधारण १९०० ते ४२०० वर्षांपूर्वी झालीय, आणि मग कधीतरी जातीबाहेरची लग्नं बंद पडली. त्यामुळे आम्ही अमक्या शुद्ध वंशाचे हे कोणालाच म्हणता येत नाही.

पमाताई

मला एक सांगायचंय. सगळे खापरपणजोबांच्या भावाच्या मागे लागलेत, पण ते तुकडे बाईकडूनपण आले असतील ना? आमच्याकडे सात पिढ्यांची वंशावळ आहे फ्रेम करून लावलेली, एकाही मुलीचं नाव नाही त्यात. जणू सगळे बाप्येच बाप्यांना झाले. डोंबिवलीकर, तुमच्या आईच्या माहेरचं कोणी गेलं असेल, आजीच्या माहेरचं असेल. आजी सासरची गोष्ट सांगायची म्हणून ती तुमच्यापर्यंत आली, माहेरची कोणी विचारली असेल का तिला?

बाकी मोरस साखर वाचून माझी आई आठवली, ती शेवटपर्यंत मोरसच म्हणायची.

मोडीवाचक

डीएनए गाव सांगत नाही, कागद सांगतो. पण कुठला कागद किती मागे जातो हे माहीत नसलं तर तहसीलदार कचेरीत नुसत्या चपला झिजतात, मी झिजवल्यात.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. उत्तम कागद, पण तुमचा माणूस त्याच्या आधीच गेलेला, तो त्यात मिळणार नाही. मागे राहिलेल्या भावाचा मृत्यू मिळेल, मोडीत असेल. कोकणातलं खोती गाव असेल तर 'बोटखत' मागा, कोणाच्या कब्जात कुठली जमीन ते त्यात असतं आणि कधीकधी बापाचं नाव, भावाचं नाव असं सगळं सापडतं. शाळेचं जनरल रजिस्टर पणजोबांसाठी बघा, त्याच्या मागे नको. २०२३ ला कुणबी नोंदींसाठी न्या. शिंदे समिती नेमली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडीचे गठ्ठे सोडून स्कॅन केले गेले आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या वेबसाइटवर गावनिहाय टाकले. तुम्हाला दाखला नको असला तरी ते बघायला कोणाची ना नाही.

मग त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकचे तीर्थोपाध्ये. गाव आणि आडनाव सांगा, ते वही काढतात. घरचं कोणी अस्थी घेऊन गेलं असेल तर त्याने लिहून दिलेली नावं त्यात आहेत. मी माझ्या पणजोबांची सही तिथे बघितली, 'सही' म्हणजे नांगराची निशाणी. पाच मिनिटं काही बोलता येईना.

पण तुमच्या केसमध्ये सगळ्यात मोठा खजिना इकडे नाहीच, तिकडे आहे. मॉरिशसला मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची रजिस्टरं ठेवलीत. प्रत्येकाला एक नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज, कुठल्या मळ्यावर दिला ते. १८६० च्या दशकापासून पुढच्यांचे फोटोसुद्धा. २०२४ मध्ये राष्ट्रपती मुर्मू तिकडे गेल्या तेव्हा सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळतं ते) मिळेल असं जाहीर झालं, त्यामुळे तिकडचे लोक असे उतारे काढतात. भिकाजींकडे असेलच बहुधा.

आणि आडनावावर जाऊ नका. साहेबाच्या रजिस्टरात अमुककर-तमुककर आलंच नाही, नाव आणि बापाचं नाव एवढंच. मग पुढच्या पिढीत त्यातलंच एक आडनाव होऊन बसलं. भिकाजी हे तिकडे आडनाव असेल, तुमच्याकडे ते कोणाचंतरी पाळण्यातलं नाव असणार. वंशावळ काढा बाहेर.

शंकासुर

सगळे भलतेच खूश झालेत म्हणून मी जरा पाणी ओततो.

एक, मोरस नावाची खाडीकाठची खारट पालेभाजीपण असते. दोन, भिका, धोंडू, दगडू ही नावं मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून ठेवायचे, दर चार घरांत एक भिका असायचा. तीन, थुंकी एकदा दिली की ती तुमची राहत नाही. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या कंपनीतून ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. मुलीने टेस्ट केली म्हणजे तुमचा अर्धा डीएनए त्यांच्याकडे गेलाय, तुम्हाला विचारलं होतं का कोणी?

रेवदंडा_एक्स्प्रेस

थोडं अवांतर. डीएनए अगदीच गाव सांगत नाही असं नाही, समाजाचं मूळ सांगतो कधीकधी. आमच्या रायगडातले बेने इस्रायली (कोकणातले ज्यू), ज्यांना गावात शनवार तेली म्हणायचे कारण शनिवारी घाणा बंद. ते सांगायचे आमचे पूर्वज जहाज फुटून नौगावच्या किनाऱ्याला लागले. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की त्यांच्यात ज्यू आणि स्थानिक दोन्ही वारसा आहे. म्हणजे आजीच्या गोष्टीत तथ्य होतं. पण जहाज कुठल्या साली फुटलं, हे थुंकीत येत नाही.

डोंबिवलीकर६७

मंडळी चार दिवस गायब होतो, गावी गेलो होतो. आता एकेक सांगतो.

सेंटीवाला, लांब तुकडा १९ चा आहे. मिसेस अमरावतीकडची, तिच्या मावशीची टेस्ट झालेली आहे अमेरिकेत, तिच्या यादीत भिकाजी नाही. पुरावा नाही म्हणाल, मान्य. पमाताई, तुमचं लागलं मला. आजीचं माहेर कुठलं हे मला सांगता येईना, आत्याला विचारावं लागलं. फुणगूस निघालं.

वंशावळ आजोबांच्या हातची होती, ट्रंकेत. खापरपणजोबा सखाराम, शेजारी एक फांदी, त्यावर 'भिका' आणि पुढे बारीक अक्षरात 'परागंदा'. पुढे काही नाही, फांदी तिथेच संपते. मी हा कागद शंभर वेळा बघितलाय हो. परागंदा म्हणजे कर्जबाजारी होऊन पळाला असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

आता शंकासुर, तुमच्यासाठी. ७/१२ काढला. आमचा एक तुकडा आहे सड्याला (वरच्या कातळाच्या पठाराला) लागून, चार-पाच गुंठे, दगड आणि करवंदीच्या जाळ्या. शेताचं स्थानिक नाव म्हणून एक रकाना असतो त्यात लिहिलंय 'मोरशाचं परडं'. मला वाटायचं तिथे मोर येतात म्हणून. आत्या ८२ वर्षांची आहे, ती म्हणाली मोर कसले, मोरशाचा वाटा तो, त्याचा म्हणून कोणी कसला नाही कधी. सड्यावर खाडीची भाजी उगवत नाही साहेब.

मुलीने भिकाजींना लिहिलंय. त्यांचं उत्तर आलं, फ्रेंचमिश्रित इंग्रजीत. उतारा आहे म्हणाले त्यांच्या बहिणीकडे, जिल्हा 'रुटनाघेरी' असं काहीतरी लिहिलेलं आहे, गावाचा रकाना वाचता येत नाही. फोटो पाठवतो म्हणाले.

आम्ही नोव्हेंबरात चाललोय टोरांटोला, मुलीच्या बाळंतपणाला. तेव्हा मी स्वतः टेस्ट करावी का? पुरुषांची वेगळी वायची टेस्ट असते म्हणतात ती करू की साधी?

सेंटीवाला

आधी साधी करा, तुम्ही एक पिढी वर आहात, तुमचा आकडा मुलीपेक्षा जास्त आला तर बरं. कमी आला तर काही भाग मिसेसकडूनही आलेला असू शकतो, आणि भिकाजी तुमच्या यादीत आलाच नाही, तर परडं कितीही गोड असलं तरी ती मॅच मिसेसकडची.

वाय म्हणजे फक्त पुरुषांत असणारं गुणसूत्र, त्याची टेस्ट बापाकडून मुलाकडे सरळ रेषेत चालते. भिकाजी त्या माणसाच्या मुलाच्या मुलाचा मुलगा असाच असेल तरच उपयोग. आणि जुळली तरी ती 'तुमची भावकी' एवढंच सांगेल, भावकीतल्या सगळ्या घरांचा वाय बहुतेक एकच असतो. सख्खा भाऊ की चुलत ते नाही कळणार. मध्ये कोणी दत्तक आला असेल तर तिथेच दोर तुटतो.

मोडीवाचक

तो फोटो आला की गावाचा रकाना इथे टाका, आणि मोठा करून टाका. साहेबाने कानाने ऐकून लिहिलेलं असतं, ते डोळ्यांनी वाचायचं नाही. मोठ्याने वाचा, शक्यतो आत्याला फोनवर ऐकवा, ती ओळखेल.

शंकासुर

परड्याचं मानलं.

नंबर पण विचारून घ्या त्यांना, नंबरावरून जहाज निघतं.